गाण्यामागचा कारागीर आणि त्याचा कागद



तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी मुंबईत आहे. कोणाचे आजोबा गिरणीत लागले, कोणाचे काका गोदीत, तर कोणाचे वडील थेट भांडुपला उतरले. मध्य रेल्वेवर कांजूरमार्ग आणि नाहूर यांच्या मधले हे स्टेशन. लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या कारखान्यांनी, त्यातल्या सीएटच्या टायर कारखान्यानेही, कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांना मनिऑर्डर पोचवली. पश्चिमेच्या डोंगरउतारावर चढत गेलेल्या चाळींतून आजही मालवणी आणि सातारी बोली कानावर पडते.

त्या चाळींतली तिसरी पिढी आता कमावती झाली आहे. तिच्यातला एखादा मुलगा रात्री उशिरापर्यंत कानाला हेडफोन लावून लॅपटॉपसमोर बसतो. काय करतोस म्हणून विचारले तर सांगतो, ‘बीट बनवतो.’ गणपतीला तो गावी येतो, तेव्हा आजोबा विचारतात, ‘म्हणजे पगार किती?’ यावर त्याला धड उत्तर देता येत नाही. मग घरात ठरते की पोरगे वाया गेले.

ते वाया गेले की नाही, हे ठरवण्याआधी त्याचे काम काय आहे हे समजून घेऊ. या धंद्यात माणूस कमावतो कुठे आणि नागवला जातो कुठे, हेही पाहू. शेतीखात्याच्या माणसाने संगीतावर का लिहावे, असे तुम्हाला वाटेल. कारण एवढेच, की या मुलांचे नुकसान ज्या रीतीने होते, ती रीत तुमच्या-माझ्या चांगल्या ओळखीची आहे.

बीट म्हणजे काय?

पोवाडा डोळ्यांसमोर आणा. शाहीर शब्द फेकतो. डफ आणि तुणतुणे त्या शब्दांना उचलून धरतात, झीलकरी साथ देतात. रॅप नावाच्या गाण्यातही चालीपेक्षा शब्दांचा ठेका मोठा असतो. शब्द बोलणारा तो रॅपर. त्याच्या मागचा ठेका, सूर आणि इतर सगळे आवाज मिळून जे होते, त्याला ही मुले ‘बीट’ म्हणतात. ते रचणाऱ्याला ‘प्रोड्युसर’ म्हणतात. या सगळ्या प्रकाराचे नाव हिप-हॉप. शब्द काढून घेतले आणि मागचे संगीत तेवढे ठेवले, की ते झाले बिनशब्दांचे हिप-हॉप.

त्यातही एक संथ प्रकार आहे. माघातल्या पहाटे रानात धुके उतरलेले असावे, लांबच्या देवळातली घंटा ऐकू यावी, पण देऊळ दिसू नये, तसे ते संगीत वाटते. ठेका असतो, पण तो नाचायला लावत नाही. ऐकणारा अभ्यास करताना, प्रवासात किंवा झोप येत नसताना ते लावून ठेवतो.

माझा एक पुतण्या भांडुपला असतो. दिवसा ठाण्याकडे एका गोदामात नोकरी करतो, रात्री हे काम करतो. मी त्याच्याकडे उतरलो होतो, तेव्हा त्याने मला सगळे करून दाखवले. पत्र्यावर पडणारा पाऊस त्याने मोबाइलवर टिपला होता. तो आवाज लॅपटॉपवर घेतला, त्याचा वेग कमी केला, तेव्हा तो समुद्रासारखा घुमू लागला. त्याखाली ढोलासारखा एक जड ठोका घातला. मग आजीने म्हटलेल्या जात्यावरच्या ओवीचा एक आलाप काढला, त्याचे दोन तुकडे केले आणि एक तुकडा उलटा लावला. शब्द कळेनासा झाला, पण गळा आजीचाच राहिला. दोन मिनिटांचा तो बीट करायला त्याला तीन रात्री लागल्या होत्या. बियाणे निवडताना जशी नजर लागते, तसा या कामाला कान लागतो, हे मला तेव्हा पटले.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातून असा तुकडा उचलून आपल्या रचनेत बसवणे, याला ‘सॅम्पल’ घेणे म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा. पुढचे सगळे भांडण त्याच्याभोवती आहे.

हे आले कुठून?

अमेरिकेत न्यूयॉर्क शहराचा ब्रॉन्क्स हा भाग गरीब कष्टकऱ्यांचा. जमैका बेटावरून आलेल्या कुटुंबातला क्लाइव्ह कॅम्पबेल नावाचा तरुण तिथे राहत होता. लोक त्याला कूल हर्क म्हणत. ११ ऑगस्ट १९७३ रोजी त्याच्या बहिणीने आपल्या इमारतीत एक मेजवानी ठेवली आणि तिथे त्याने तबकड्या वाजवल्या. त्याच्या असे ध्यानात आले होते, की गाण्यात मधेच नुसती ढोलकी वाजते तेव्हा लोक सर्वांत जास्त रंगतात. म्हणून तो एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवी आणि तो छोटा तुकडा पुन्हा पुन्हा वाजवून लांबवी. हिप-हॉपचा जन्म त्या रात्रीपासून मोजतात.

पुढे यंत्रे आली. १९८८ मध्ये अकाई या जपानी कंपनीने एमपीसी नावाचे यंत्र काढले. त्यात कुठलाही आवाज साठवायचा आणि चौकोनी बटणांवर बोटांनी वाजवायचा. आज तेच काम साध्या लॅपटॉपवर होते. म्हणून ब्रॉन्क्समधली कला भांडुपच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊ शकली.

आपल्याकडे २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी या मुंबईच्या दोन रॅपरांचे ‘मेरे गली में’ गाजले. २०१९ मध्ये ‘गली बॉय’ चित्रपट आला आणि रॅप घरोघर पोचला. मराठीही मागे नाही. अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपल्या बोलीत रॅप करतो. भांडुपच्या डोंगरापलीकडे, विहार तलावाच्या पश्चिमेला आरेचे रान आहे. तिथले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना बरोबर घेऊन ‘स्वदेशी’ या गटाने २०१९ मध्ये वारल्यांच्या लढ्यावर गाणे केले.

आता एक प्रश्न विचारतो. डिव्हाइन आणि नेझी ही नावे शहरातल्या शाळकरी पोरालाही पाठ आहेत. पण ‘मेरे गली में’चा बीट कोणी रचला? दिल्लीच्या सेझ ऑन द बीट या प्रोड्युसरने. हे नाव किती जणांना सांगता येईल? गाणाऱ्याचा चेहरा लोकांसमोर असतो, रचणारा मागे राहतो.

मागे राहिलेला पुढे कसा आला

अमेरिकेतच न्यू जर्सी राज्यात नटली नावाचे गाव आहे. तिथे मायकेल व्होल्पी हा मुलगा फिजिओथेरपीचे शिक्षण घेत होता. आखडलेले हातपाय व्यायामाने मोकळे करण्याची ती विद्या. रिकाम्या वेळात तो घरी बीट बनवी. त्याने आपले टोपणनाव घेतले क्लॅम्स कसीनो. हे तिकडच्या एका भाजलेल्या तिसऱ्यांच्या पदार्थाचे नाव आहे. कोकणातल्या वाचकांना ते आवडेल.

तो इंटरनेटवरून अनोळखी रॅपरांना आपले बीट पाठवत असे. त्यांतला एक होता कॅलिफोर्नियाचा लिल बी. क्लॅम्सने इमोजन हीप या इंग्लंडच्या गायिकेच्या २००५ सालच्या गाण्यातला आवाज घेतला, तो धुक्यात बुडवल्यासारखा केला आणि त्याभोवती एक बीट रचला. लिल बीने त्यावर आपले शब्द म्हटले. ते गाणे इंटरनेटवर हातोहात पसरले.

मग २०११ मध्ये क्लॅम्सने एक साधी गोष्ट केली. रॅपरांचे शब्द काढून टाकले, आपले बीट तेवढे एकत्र केले आणि लोकांना फुकट ऐकायला दिले. लोकांनी ते स्वतंत्र संगीत म्हणून ऐकले. मागे राहणारा कारागीर स्वतःच्या नावाने उभा राहिला. त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या एसॅप रॉकी या रॅपरच्या गाजलेल्या संग्रहातही त्याचे बीट होते. २०१६ मध्ये त्याचा स्वतःचा मोठा संग्रह निघाला.

पण ज्या बीटने त्याचे नाव झाले, तो बीट रीतसर प्रसिद्ध व्हायला २०२० साल उजाडले. कारण त्यात आवाज दुसऱ्याचा होता. मूळ गायिकेशी व्यवहार मिटला, दोघांची नावे लागली, तेव्हा कुठे ते गाणे उजळ माथ्याने बाहेर पडले. मधली सुमारे दहा वर्षे ते लाखो लोक ऐकत होते. पीक उभे होते, पण सातबाऱ्यावर नोंद नव्हती.

आपल्या गळ्यांचे काय झाले?

ही गोष्ट उलट्या बाजूनेही घडली आहे. २००२ मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचे ‘अ‍ॅडिक्टिव्ह’ हे गाणे तिकडच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या दहांत पोचले. त्यात पाठीमागे जो गळा ऐकू येत होता, तो लता मंगेशकरांचा. १९८१ च्या ‘ज्योती’ चित्रपटातले गाणे, संगीत बप्पी लाहिरींचे. पण तबकडीवर लाहिरींचे नाव नव्हते. प्रकरण लॉस एंजेलिसच्या न्यायालयात गेले. लाहिरींचे नाव छापल्याशिवाय ही तबकडी विकू नये, असा आदेश न्यायाधीशांनी फेब्रुवारी २००३ मध्ये दिला.

दुसरे प्रकरण याहून बोधप्रद आहे. १९६९ च्या ‘आराधना’ चित्रपटातले ‘बागों में बहार है’ हे गाणे तुम्ही ऐकले असेल. रफी आणि लताबाईंचे. टिंबालँड या प्रोड्युसरने रचलेल्या २००५ सालच्या एका अमेरिकन रॅप गाण्यात त्याचा तुकडा वापरला आहे, असा आपल्याकडच्या सारेगामा कंपनीचा दावा होता. पूर्वी तिचे नाव ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया होते. दावा चालला तेव्हा चित्रपट काढणाऱ्या शक्ती फिल्म्सशी १९६७ मध्ये झालेला करार पुढे आला. त्या करारातून कंपनीला मिळालेला एकाधिकार दोन वर्षांपुरताच होता, असा अर्थ अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०११ मध्ये लावला आणि कंपनी दावा हरली. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीच्या कागदातल्या एका कलमाने निकाल फिरवला. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर चाळीतल्या मुलाची काय असेल?

हे आपल्याला नवे नाही

चंद्रपूर जिल्ह्यात नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे तुम्हाला आठवत असतील. १९८३ मध्ये ‘पटेल ३’ भाताच्या शेतात त्यांना काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या पेरल्या आणि वर्षानुवर्षे निवड करून एक बारीक, चवदार वाण तयार केला. बाजारात त्याला त्या काळच्या घड्याळावरून ‘एचएमटी’ नाव पडले. हा तांदूळ राज्याबाहेरही पसरला. २००५ मध्ये राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानने दादाजींचा गौरव केला. पण बियाण्याच्या विक्रीतला वाटा त्यांच्या घरी आला नाही. जून २०१८ मध्ये ते वारले, तेव्हाही घरची ओढाताण संपलेली नव्हती.

शेतकऱ्याने जपलेल्या किंवा निवडीने तयार केलेल्या वाणाची त्याच्याच नावाने नोंद करता यावी, यासाठी २००१ मध्ये कायदा झाला. तो दादाजींच्या मेहनतीनंतर जवळजवळ दोन दशकांनी आला. बीट बनवणाऱ्या मुलाचे नशीब या बाबतीत बरे आहे. त्याच्यासाठीचा कायदा आधीच तयार आहे. फक्त तो त्याला माहीत नसतो.

कायदा काय सांगतो?

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यात २०१२ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. घरच्या मुलाला पुढील गोष्टी वाचून दाखवा.

पहिली गोष्ट. शब्द नसले तरी संगीत ही स्वतंत्र रचना आहे. ती रचली की रचणाऱ्याचा हक्क निर्माण होतो. नोंदणी सक्तीची नाही. मात्र आपण केव्हा काय केले याचा पुरावा जपावा. मूळ फाइली तारखेसह दोन ठिकाणी ठेवाव्यात, जसे आपण खरेदीखत आणि त्याची नक्कल वेगवेगळ्या पेटीत ठेवतो.

दुसरी गोष्ट. ‘प्रोड्युसर’ शब्दाने फसू नका. मुलांच्या बोलीत तो बीट रचणारा. कायद्यात मात्र ध्वनिमुद्रणाचा प्रोड्युसर म्हणजे ते करण्यात पुढाकार आणि जबाबदारी घेणारा. तो बहुधा पैसा लावणारा असतो. म्हणून कागदावर आपल्या मुलाचा उल्लेख ‘संगीतकार’ असा स्पष्ट करून घ्यावा.

तिसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार आणि सही लागते. करारात मोबदला किती, मुदत किती आणि प्रदेश कोणता, हे लिहिले पाहिजे. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात. प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता धरतात. पण ‘कायमचा आणि साऱ्या जगासाठी’ असे लिहिलेल्या कागदावर सही केलीत, तर मग या सवलतीचा उपयोग नाही. न वाचता केलेला अंगठा तो हाच.

चौथी गोष्ट. हक्क विकल्यावरही ‘हे मी रचले’ असे म्हणण्याचा अधिकार रचणाऱ्याकडेच राहतो. तसेच २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतला बरोबरीचा वाटा मिळण्याचा हक्क आहे. तो वारसांना किंवा अधिकृत हक्कसंस्थेलाच देता येतो, इतर कोणाला लिहून देता येत नाही. ‘आयपीआरएस’ ही अशी संस्था १९६९ पासून काम करते. तिचे मुख्य कार्यालय मुंबईतच आहे. संगीतकाराने तिचे सभासद व्हावे.

पाचवी गोष्ट. सॅम्पल घेतले असेल तर परवानगी हवी, आणि ती दोन ठिकाणची. रचना एकाची असते, ध्वनिमुद्रण दुसऱ्याचे. जमीन एकाच्या नावावर आणि विहिरीत हिस्सा दुसऱ्याचा, असे आपल्याकडे असते तसेच. ‘पाच सेकंद घेतले तर चालते’ असे मुले एकमेकांना सांगतात. कायद्यात असे सेकंदांचे माप कुठेही नाही.

करार इंग्रजीत असतो आणि बोजड असतो. तो वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नये. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते. स्त्रियांना, अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना आणि ठराविक मर्यादेहून कमी उत्पन्न असणाऱ्यांना तिथे मोफत सल्ला मिळतो.

घरच्यांनी काय करावे?

मुलाला हसू नका. त्याच्या कष्टाला वेळ द्या, पण कर्ज देऊ नका. सुरुवातीला एक साधा लॅपटॉप आणि चांगले हेडफोन पुरतात. त्यावर चालणारी काही साधने फुकट मिळतात. पीककर्जाच्या पैशातून किंवा गाय विकून महागडी यंत्रे आणणे शहाणपणाचे नाही. क्लॅम्स कसीनोने बीट बनवत असताना शिक्षण सोडले नव्हते, हेही त्याला सांगा. पहिली काही वर्षे हे जोडधंद्यासारखेच धरावे. कोंबड्या पाळतो म्हणून कोणी नांगर विकत नाही.

घरातल्या आवाजांकडेही जरा लक्ष द्या. मोटेची गाणी गेली, जाती कोपऱ्यात पडली. पण म्हणणाऱ्या बाया अजून आहेत. गी पॉयतवँ आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यातल्या ओव्या २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात इंटरनेटवर ऐकायला मिळतात. तिथे ओवीबरोबर म्हणणारीचे नाव आणि तिचे गावही लिहिलेले असते. ज्या बायांची नावे रेशनकार्डाशिवाय कुठे छापली गेली नव्हती, त्यांची नावे तिथे आहेत.

मी पुतण्याला एवढेच विचारले, ‘आजीचा गळा घेतलास, तिला विचारलेस का? तिचे नाव लिहिलेस का?’ त्याने विचारले नव्हते. त्याच रात्री त्याने गावी फोन लावला. आजीला बीट ऐकवला. ती म्हणाली, ‘हे माझं कसं? मी तर असं म्हटलंच नव्हतं.’ मग थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, ‘पण नाव घाल. आणि गावाचंही घाल.’

त्याने दोन्ही घातली. आजीची परवानगी साध्या कागदावर लिहून, तिची सही घेऊन, ती फाइलीत लावली. दुसऱ्या एका कंपनीने त्याच्या तीन बीटांसाठी मागितलेला करार त्याने अजून सही केलेला नाही. मुदतीचा रकाना कोरा होता, तो भरून द्या म्हणून त्याने परत पाठवला आहे.

येत्या सणाला तुमच्या घरचा मुलगा मुंबईहून येईल. त्याला पगार जरूर विचारा. पण त्याआधी त्याच्या हेडफोनमध्ये काय वाजते ते एकदा ऐका. मग आडत्याकडून आलेली पट्टी तपासतो तशी तपासणी करा. हा आवाज कोणाचा, कोणाची परवानगी घेतलीस, आणि कोणत्या कागदावर सही केलीस? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याला नीट देता आली, तर त्याचे काम वाया गेलेले नाही असे समजा.